वाचक विचारतात: वजनाची इंजेक्शने आणि ‘रिसर्च’ची बाटली

या अंकासाठी आलेल्या पत्रांत सर्वाधिक पत्रे वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांबद्दल आहेत. त्यांतली बरीच औषधे केमिस्टकडे मिळतच नाहीत. ती ट्रेनरकडून, ओळखीतून किंवा मोबाइलवरच्या ग्रुपमधून येतात. सारखे प्रश्न एकत्र करून आमच्या वैद्यक सल्लागार गटाने उत्तरे दिली आहेत.

प्रश्न: जिममधल्या ट्रेनरने ‘रेटा’ सुचवले आहे. मौन्जारोपेक्षा जोरदार आहे, चार महिन्यांत २० किलो जातात, असे तो सांगतो. माझे वजन ९२ आहे. बाटलीत पांढरी पावडर आहे आणि ती पाण्यात कालवून टोचायची आहे. घ्यावे का? — वय ३४, पिंपरी-चिंचवड

घेऊ नका. पण ‘रेटा’ ही शुद्ध फसवणूक आहे असे आम्ही म्हटले, तर उद्या इंटरनेटवर तुम्हाला चाचण्यांचे आकडे दिसतील आणि आमच्यावरचा विश्वास उडेल. म्हणून आधी औषधाबद्दल सांगतो, मग बाटलीबद्दल.

रेटाट्रुटाइड हे एली लिली कंपनीचे पेप्टाइड आहे. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. आपल्याकडे मिळणारे सेमाग्लुटाइड जीएलपी-१ या एकाच हार्मोनची नक्कल करते. टिर्झेपाटाइड, म्हणजे मौन्जारो, जीएलपी-१ आणि जीआयपी या दोन हार्मोनांची नक्कल करते. रेटाट्रुटाइड त्यांत तिसऱ्याची, ग्लुकागॉनची, भर घालते. पहिल्या दोघांमुळे भूक कमी होते आणि जठर सावकाश रिकामे होते. ग्लुकागॉनमुळे शरीराचा ऊर्जाखर्च वाढतो आणि यकृतातली चरबी उतरते. औषधाचा जोर बहुधा या तिसऱ्या हार्मोनमुळे आहे, आणि जास्तीची काळजीही त्याच्याचमुळे.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत ३३८ जण होते. आठवड्याला १२ मिग्रॅ घेणाऱ्यांचे वजन २४ आठवड्यांत सरासरी १७.५ टक्के आणि ४८ आठवड्यांत २४.२ टक्के उतरले. तुमच्या ट्रेनरचा हिशेब यावरून तपासा. ९२ किलोंतून २० किलो म्हणजे जवळजवळ २२ टक्के. ते चार महिन्यांत घडल्याचे खुद्द कंपनीही म्हणत नाही.

त्याच चाचणीत नाडीचे ठोके डोसच्या प्रमाणात वाढले, २४ आठवड्यांच्या सुमारास सर्वाधिक झाले आणि नंतर उतरले. डिसेंबर २०२५ मध्ये तिसऱ्या टप्प्याच्या पहिल्या चाचणीचे निकाल जाहीर झाले. लठ्ठपणा आणि गुडघ्याची संधिवाताची झीज असलेल्यांवरची ही चाचणी ६८ आठवड्यांची होती. औषध न सोडणाऱ्यांत १२ मिग्रॅ गटाचे वजन सरासरी २८.७ टक्के घटले. या आकड्याची जाहिरात सगळीकडे झाली. त्याच निकालपत्रात आणखी दोन आकडे होते आणि ते ट्रेनर सांगत नाहीत. १२ मिग्रॅ घेणाऱ्यांपैकी २०.९ टक्के लोकांच्या त्वचेच्या संवेदना बदलल्या: जळजळ, टोचल्यासारखे होणे, साध्या स्पर्शाने दुखणे. शिवाय १८.२ टक्के लोकांनी दुष्परिणामांमुळे औषध सोडले. नुसते पाणी टोचलेल्या गटात हे प्रमाण ४ टक्के होते. हे सारे डॉक्टरांच्या नजरेखाली, पायरीपायरीने डोस वाढवून आणि वरचेवर रक्त व ईसीजी तपासून झालेले आहे.

आता बाटली. हे लिहीपर्यंत रेटाट्रुटाइडला कोणत्याही देशात विक्रीचा परवाना नाही. लिली ते फक्त चाचण्यांसाठी पुरवते. म्हणजे तुमच्या ट्रेनरकडची बाटली लिलीची नाही, हे ती न बघताही सांगता येते. ती कुठल्या तरी रसायन कारखान्यात भरलेली आहे आणि तिच्यावर बहुधा ‘फक्त संशोधनासाठी, माणसांकरिता नाही’ असे छापलेले असेल. ही ओळ विक्रेत्याने स्वतःच्या बचावासाठी छापलेली असते. काही झाले तर त्याला म्हणता येते, आम्ही टोचायला कुठे सांगितले होते?

भारतात मौन्जारोही आधी, मार्च २०२५ मध्ये, बाटलीतच आले होते. पण त्या बाटलीत अर्धा मिली तयार, पारदर्शक द्रव होता आणि तो एकदाच वापरायचा होता. पेन (पेनच्या आकाराचे, औषध आधीच भरलेले इंजेक्शन) नंतर आले. ‘मौन्जारोची पावडर’ म्हणून जे विकले जाते, ते मौन्जारो नव्हे.

वजन खरोखर आजाराच्या पातळीवर असेल, तर परवानगीची औषधे उपलब्ध आहेत. सेमाग्लुटाइड २.४ मिग्रॅच्या मुख्य चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरले. टिर्झेपाटाइड १५ मिग्रॅच्या चाचणीत ७२ आठवड्यांत २०.९ टक्के उतरले. सेमाग्लुटाइडचे भारतातले मुख्य पेटंट मार्च २०२६ मध्ये संपल्याने देशी कंपन्यांची वाटही मोकळी झाली आहे. २४ टक्क्यांच्या मोहात अनोळखी पावडर टोचण्याइतकी वाईट परिस्थिती आज कोणाचीच नाही.

प्रश्न: माझ्याकडे १० मिग्रॅची बाटली आलेली आहे, पैसेही गेले आहेत. ग्रुपवर कोणी १० रेघा घ्या म्हणतो, कोणी २०. इन्सुलिनच्या सिरिंजने नेमक्या किती रेघा भरायच्या? — वय ४१, छत्रपती संभाजीनगर

रेघांचा आकडा आम्ही देणार नाही. कुठलाही आकडा तुमच्या बाटलीला लागू पडणार नाही, आणि का ते समजून घेतलेत तर ग्रुपवरच्या आकड्यांवरही विश्वास राहणार नाही.

सिरिंजवरच्या रेघा मिलिग्रॅम दाखवत नाहीत. त्या इन्सुलिनची युनिटे दाखवतात, म्हणजे प्रत्यक्षात द्रवाचे आकारमान. त्यातून आपल्याकडे दोन प्रकारच्या सिरिंज मिळतात. लाल टोपणाची यू-४० सिरिंज १ मिलीत ४० रेघांची असते; भारतात इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक १ मिलीत ४० युनिटांच्या असल्याने केमिस्ट न विचारता हीच देतो. नारिंगी टोपणाची यू-१०० सिरिंज १ मिलीत १०० रेघांची असते. परदेशी ग्रुपवरचा सगळा हिशेब यू-१०० चा असतो.

समजा १० मिग्रॅ पावडरीत २ मिली पाणी घातले. १ मिलीत ५ मिग्रॅ झाले. यू-१०० वर १० रेघा म्हणजे ०.१ मिली, म्हणजे ०.५ मिग्रॅ. त्याच १० रेघा यू-४० वर भरल्या की ०.२५ मिली होतात, म्हणजे १.२५ मिग्रॅ. अडीच पट. आणि सांगणाऱ्याने २ मिली पाणी धरले असताना तुम्ही १ मिलीच घातले, तर त्याचीही दुप्पट: २.५ मिग्रॅ. दोन साध्या चुकांनी डोस पाचपट झाला, आणि तोही बाटलीत खरोखर १० मिग्रॅच आहे असे गृहीत धरून. त्याची खात्री कोण देणार?

हा हिशेब कागदावरचा नाही. अमेरिकेत बाटलीतून भरलेल्या सेमाग्लुटाइडच्या डोसात ५ ते २० पट चुका झाल्याचा इशारा तिथल्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने जुलै २०२४ मध्ये दिला. काहींना रुग्णालयात न्यावे लागले. मिली, मिग्रॅ आणि युनिट यांची गल्लत रुग्णांनी केली, तशी काही डॉक्टरांनीही केली.

चूक झाली तर ती लगेच उतरत नाही, ही दुसरी अडचण. रेटाट्रुटाइडचे प्रमाण शरीरात निम्मे व्हायला साधारण ६ दिवस लागतात. उलट्या एका रात्रीत थांबत नाहीत, आठवडाभर चालू शकतात. उतारा असा काही नाही. सलाइन, उलटीचे औषध आणि साखरेवर नजर, एवढेच हाती असते. दर आठवड्याला तोच डोस घेतला तरी महिन्याभरात शरीरातले प्रमाण पहिल्या आठवड्याच्या जवळजवळ १.८ पट होते. म्हणून चाचण्यांत एकेका पायरीवर चार आठवडे थांबतात. घरच्या प्रयोगात हमखास याच्या उलट घडते. पहिल्या आठवड्यात ‘काहीच फरक नाही’ म्हणून माणूस दुसऱ्या आठवड्यात डोस वाढवतो आणि तिसऱ्या आठवड्यात आडवा होतो.

पैसे गेले ते गेले. बाटली वापरू नका. वापरली असेल आणि त्रास होत असेल तर मात्र ती फेकू नका. बाटली, सिरिंज आणि घातलेल्या पाण्याची माहिती घेऊन रुग्णालयात जा. ‘जिमचे प्रोटीन घेतले’ असे डॉक्टरांना सांगू नका. खरे नाव आणि अंदाजे मिलिग्रॅम सांगा, कारण त्यावरून किती दिवस नजर ठेवायची ते ठरते. दिल्लीच्या एम्समधले राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या क्रमांकावर डॉक्टरांना आणि नातेवाइकांनाही सल्ला देते.

प्रश्न: विक्रेत्याने ९९ टक्के शुद्धतेचे प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र पाठवले आहे. मग काय हरकत आहे? — ठाणे

९९ टक्के कशाचे, ते पाहा. ही बहुधा एचपीएलसी चाचणी असते. नमुन्यात जी पेप्टाइडे आहेत त्यांत मुख्य पेप्टाइडचा वाटा किती, एवढेच ती सांगते. बाटलीत एकूण किती मिलिग्रॅम आहे, हे तिच्यातून आपोआप कळत नाही. निर्जंतुकता ती तपासत नाही. एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातला विषारी अंश, तिला दिसत नाही. तो असेल तर जिवाणू मेलेले असले तरी टोचल्यावर काही तासांत थंडी वाजून ताप भरतो. उरलेल्या एका टक्क्यात अर्धवट किंवा चुकलेल्या साखळ्या असू शकतात. शरीराने त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली, तर पुढे खरे औषधही लागू न पडण्याचा धोका असतो.

शिवाय प्रमाणपत्र कुठल्या बॅचचे? त्यावरचा बॅच क्रमांक तुमच्या बाटलीवर आहे का? बऱ्याच बाटल्यांवर रंगीत टोपणाखेरीज ओळखच नसते.

कालवण्यासाठी मिळणाऱ्या ‘बॅक्टेरिओस्टॅटिक’ पाण्यात ०.९ टक्के बेंझाइल अल्कोहोल असते. ते जिवाणूंची वाढ रोखते, पण आधीच दूषित असलेली पावडर शुद्ध करत नाही. काही जण त्याऐवजी साधे ‘इंजेक्शनचे पाणी’ वापरतात; त्यात कसलेच रोधक नसल्याने ती बाटली महिनाभर फ्रिजमध्ये ठेवून रोज सुई खुपसणे म्हणजे गळूला आमंत्रण.

प्रश्न: एओडी-९६०४, इपामोरेलिन अशी ‘फॅट बर्नर’ पेप्टाइडे भूक न मारता फक्त चरबी जाळतात, हे खरे का? — कोल्हापूर

एओडी-९६०४ हा ग्रोथ हार्मोनच्या शेपटीकडचा तुकडा. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या एका कंपनीने तो वजनासाठी विकसित केला, पाचशेहून अधिक लोकांवर २४ आठवड्यांची चाचणी घेतली आणि वजन पुरेसे उतरत नाही म्हणून २००७ मध्ये काम थांबवले. जे औषध त्याच्या मालकानेच सोडून दिले, ते आता बाटलीत परत आले आहे, एवढीच त्याची बातमी.

इपामोरेलिन आणि सीजेसी-१२९५ शरीराकडून जास्त ग्रोथ हार्मोन सोडवून घेतात. त्याने साखर वाढू शकते, अंगावर सूज येते, हाताला मुंग्या येतात. वजनासाठी त्यांना कुठेही परवानगी नाही. याच कुळातल्या टेसामोरेलिनला अमेरिकेत २०१० मध्ये परवानगी मिळाली, पण ती एचआयव्ही रुग्णांच्या पोटातल्या विशिष्ट चरबीपुरती. हे नाव पुढे करून बाकीची माळ विकली जाते. ॲडिपोटाइडचे नाव ऐकलेत तर दूरच राहा. चरबीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मारण्याची ती कल्पना होती. माकडांची वजने उतरली, पण मूत्रपिंडांवर परिणाम दिसला.

प्रश्न: आईला (वय ५८) मधुमेह आहे. ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज चालू आहे. डॉक्टरांनी टिर्झेपाटाइड सुरू केले. दुसऱ्या आठवड्यात दुपारी घाम येऊन ती थरथरली, साखर ६१ होती. साखरेचे पाणी दिले तरी लवकर बरे वाटले नाही. इंजेक्शन बंद करावे का? — सोलापूर

दोष एकट्या इंजेक्शनचा नाही, जोडीचा आहे. टिर्झेपाटाइड एकटे असताना साखर सहसा धोक्याइतकी खाली नेत नाही. ग्लिमेपिराइड मात्र जेवण झाले असो वा नसो, स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेते. इंजेक्शनमुळे आईचे जेवण निम्म्यावर आले आणि गोळी पूर्वीच्या भाकरीच्या हिशेबानेच चालू राहिली. इन्सुलिन घेणाऱ्यांतही हेच होते. अशा वेळी डॉक्टर सहसा ग्लिमेपिराइड कमी करतात किंवा थांबवतात. आजच फोन करून विचारा, पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. गोळ्यांत सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन किंवा टेनेलिग्लिप्टिन असेल तर तेही सांगा. या इंजेक्शनांबरोबर त्यांचा जादा उपयोग होत नाही.

साखरेच्या पाण्याचे कोडे व्होग्लिबोजमध्ये आहे. साधी साखर आतड्यात फुटल्याशिवाय रक्तात जात नाही आणि व्होग्लिबोज नेमके ते फुटणेच अडवते. म्हणून व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्याची साखर उतरली तर ग्लुकोज पावडर द्या: १५ ग्रॅम, म्हणजे साधारण एक भरलेला मोठा चमचा, पाण्यात कालवून. १५ मिनिटांनी पुन्हा साखर मोजा. ७० च्या वर नसेल तर पुन्हा तेवढीच. ग्लुकोजचा डबा घरात दिसेल असा ठेवा. आई शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

मळमळ, ढेकर, बद्धकोष्ठ हे डोस वाढवल्यानंतरच्या दिवसांत बहुतेकांना होते. थोडे थोडे खाणे, तळलेले टाळणे आणि पोट भरल्यासारखे वाटताच ताट बाजूला सारणे, एवढ्याने पुष्कळ भागते. आपल्याकडे ताटात उरवणे पाप मानतात. या काळात मुळातच कमी वाढून घ्यावे. पुढची लक्षणे मात्र घरी बसून सोसायची नाहीत. पोटाच्या वरच्या भागात सतत दुखणे, पाठीकडे जाणारी कळ आणि उलट्या: स्वादुपिंडाला सूज असू शकते, रक्तातले लायपेज (स्वादुपिंडाचा पाचक रस) तपासतात. उजव्या बरगडीखाली दुखून ताप किंवा कावीळ: पित्ताशयातले खडे, वजन झपाट्याने उतरले की ते वाढतात. उलट्या-जुलाब होऊन आठ-दहा तास लघवीच नाही: मूत्रपिंडाला पाणी कमी पडते आहे. एका डोळ्याने अचानक अंधुक दिसणे: त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. सेमाग्लुटाइडमुळे डोळ्याच्या मज्जातंतूचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका अतिशय विरळ, दहा हजारांत एखादा, असल्याचे युरोपच्या औषध संस्थेने जून २०२५ मध्ये मान्य केले. मधुमेहाने डोळ्याचा पडदा आधीच खराब असेल आणि साखर वेगाने उतरली, तर तो बिघडूही शकतो. आईचा पडदा तपासला नसेल तर तपासून घ्या.

घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला असेल तर ही औषधे देत नाहीत. उंदरांत थायरॉइडच्या सी-पेशींच्या गाठी दिसल्या होत्या; माणसांत ते सिद्ध झालेले नाही, पण विषाची परीक्षा कोणी घेत नाही. नेहमीचा हायपोथायरॉइड असेल तर अडचण नाही.

प्रश्न: सहा महिन्यांत १४ किलो उतरले, पण जिना चढताना पाय लटपटतात. मी शाकाहारी आहे. — वय ४९, पुणे

गेलेले सगळे वजन चरबीचे नसते. सेमाग्लुटाइडच्या मुख्य चाचणीत काही जणांच्या शरीराचे स्कॅन केले होते. त्यांच्या उतरलेल्या वजनात सुमारे दोन पंचमांश वाटा चरबीखेरीज इतर ऊतींचा होता. टिर्झेपाटाइडच्या चाचणीत तो साधारण एक चतुर्थांश होता. आपल्याला हे जास्त नडते, कारण आपली सुरुवातच कमी स्नायूंपासून होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचाच दाखला छापला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) तोच, २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के.

मूत्रपिंड ठीक असेल तर दर किलो वजनामागे १ ते १.५ ग्रॅम प्रथिने रोज लागतात. ७० किलोच्या माणसाला किमान ७० ग्रॅम. वाटीभर पातळ वरणात ५-६ ग्रॅमच असतात, म्हणून वरण-भातावर हे भागत नाही, आणि भूक नसताना तर मुळीच नाही. १०० ग्रॅम पनीर सुमारे १८ ग्रॅम देते, ५० ग्रॅम कोरडे सोयाबीनचे तुकडे २५ ग्रॅम. जेवताना प्रथिनांचा पदार्थ आधी खा, भात शेवटी. पोट लवकर भरते, तेव्हा उरायचा तर भात उरू दे. आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचे व्यायाम करा: खुर्चीतून हात न टेकता उठणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या, रबरी पट्टे. नुसत्या चालण्याने स्नायू टिकत नाहीत. उपवासाच्या दिवशी साबुदाणा खिचडीत जवळजवळ सगळा स्टार्च असतो. त्या दिवशी दही, ताक, शेंगदाणे आणि पनीर यांवर भर द्या, आणि निर्जळी उपवास या काळात करू नका. रक्तातले बी-१२, ड जीवनसत्त्व आणि हिमोग्लोबिनही पाहून घ्या. लटपटण्याचे कारण तिथेही असू शकते.

प्रश्न: मे महिन्यात मुंबईहून नागपूरला जायचे आहे. पेन कसे न्यावे? पेनमध्ये चार डोसांनंतर औषध उरते, ते सिरिंजने काढून वापरले तर चालेल का? — डोंबिवली

मौन्जारोचे पेन न वापरलेले असेल तर २ ते ८ अंशांत ठेवायचे. सुरू केलेले पेन ३० अंशांच्या आत ३० दिवस टिकते. नागपुरात मेमध्ये घरातला पाराही ३० च्या वर असतो, म्हणून तिथे फ्रिजच बरा. प्रवासात जाड उष्णतारोधक पिशवी घ्या. बर्फाची पिशवी टॉवेलात गुंडाळा, पेनला चिकटू देऊ नका. एकदा गोठलेले औषध वितळल्यावर पूर्ववत दिसते, तरी ते टाकूनच द्यायचे. फ्रिजमध्येही बर्फाच्या कप्प्याला टेकवू नका. विमानात हातातल्या बॅगेतच ठेवा. गाडीच्या काचेखाली पेन विसरलात तर ते गेले असे समजा. दर वेळी सुई काढून टोपण लावा. सुई तशीच राहिली तर औषध गळते आणि हवेचा बुडबुडा आत जातो.

उरलेला थेंब सुई भरून हवा काढण्यासाठी दिलेला असतो. तो सिरिंजने काढण्यासाठी कार्ट्रिज, म्हणजे पेनमधली औषधाची नळी, वेगळ्या सुईने टोचावे लागते, डोस अंदाजपंचे होतो आणि जंतूंचा धोका वाढतो. मोह होतो, कबूल, पेन स्वस्त नाही. तरी नको.

खरेदी पक्क्या बिलावर आणि चिठ्ठी दाखवूनच करा. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत सापडलेल्या बनावट ओझेम्पिकबद्दल (सेमाग्लुटाइडचे पेन) इशारा दिला होता. त्याआधी ऑस्ट्रियात बनावट पेनमधून बहुधा इन्सुलिनच निघाले आणि माणसे साखर उतरून रुग्णालयात गेली. खोक्यावर छापील एमआरपी नसेल, लेबल परभाषेतलेच असेल किंवा पेन थंड पिशवीशिवाय कुरिअरने आले असेल, तर घेऊ नका.

प्रश्न: माझे वजनाचे इंजेक्शन चालू आहे आणि पुढच्या महिन्यात पित्ताशयाची शस्त्रक्रिया आहे; लेकही याच इंजेक्शनवर आहे आणि तिचे नुकतेच लग्न झाले. काही काळजी? — रत्नागिरी

भूल देणाऱ्या डॉक्टरांना किमान दोन आठवडे आधी सांगा. रात्रभर उपाशी असूनही जठरात अन्न उरू शकते आणि ते भुलेत फुप्फुसात जाऊ शकते. डोस थांबवायचा की आदला दिवस फक्त द्रवपदार्थांवर काढायचा, हे ते ठरवतील.

लेकीबद्दल: टिर्झेपाटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम घटू शकतो. सुरुवातीनंतर आणि दर वेळी डोस वाढल्यावर चार आठवडे दुसरे साधनही वापरावे. मूल हवे असेल तेव्हा सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवतात. वजन उतरल्यावर पाळी नियमित होऊन नकळत दिवस राहण्याचे प्रमाणही दुर्लक्ष करण्याजोगे नाही.

प्रश्न: बाजारातली बाटली नको, पण नव्या औषधाच्या चाचणीत अधिकृतपणे भाग घेता येईल का? — नाशिक

येईल, आणि प्रायोगिक औषध घ्यायचेच असेल तर तोच एक रास्ता आहे. भारतात होणारी प्रत्येक चाचणी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, म्हणजे सीटीआरआय, इथे नोंदवलेली असते. तिच्या संकेतस्थळावर औषधाचे नाव किंवा ‘ओबेसिटी’ टाकून शोधा. कोणत्या शहरात, कोणत्या रुग्णालयात आणि भरती चालू आहे की नाही, ते दिसते. नोंदणी क्रमांक नसेल तर ती चाचणी नव्हे.

आधी पात्रता पाहतात: बीएमआय, इतर आजार, चालू औषधे, जुना स्वादुपिंडाचा आजार. मग संमतिपत्र. ते तुम्हाला समजणाऱ्या भाषेत, म्हणजे मराठीत, मागा. घरी नेऊन वाचा. सही केलेली प्रत स्वतःकडे ठेवा. औषधाचे पैसे द्यायचे नसतात. कोणी ‘ट्रायल फी’ मागितली की उठून या. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई देण्याची तरतूद २०१९ च्या नवी औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांत आहे. कोणत्याही क्षणी बाहेर पडण्याचा हक्क तुम्हाला असतो.

तुमच्या वाट्याला नुसते पाणी येऊ शकते, आणि ते वर्षभर कळणार नाही. चाचणी संपल्यावर औषध मिळेलच असेही नाही. तेव्हा वजन परत येते: सेमाग्लुटाइड थांबवलेल्यांचे उतरलेल्यापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन वर्षभरात परतले होते. मोठ्या कंपन्यांची औषधेही चाचण्यांत गळतात. फायझरची वजनावरची गोळी, डॅनुग्लिप्रॉन (हे पेप्टाइड नव्हे), एका सहभागीच्या यकृताला इजा झाल्याची शंका येताच एप्रिल २०२५ मध्ये थांबवण्यात आली. त्या माणसाला जाणवत काहीच नव्हते, रक्ततपासणीत सापडले. जिममधल्या बाटलीला अशी रक्ततपासणी नसते. रिमोनाबंट आणि सिब्युट्रामिन ही वजनाची जुनी औषधे तर आपल्याकडे दुकानांत विकली जात होती. पहिल्यावर २००९ मध्ये आणि दुसऱ्यावर २०११ मध्ये बंदी आली.

परवानगीचे असो वा नसो, औषधाने त्रास झाला तर भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या विनामूल्य क्रमांकावर कळवा. रुग्णही कळवू शकतो, डॉक्टरची सही लागत नाही.

प्रश्न: वापरलेल्या सुया कचऱ्यात टाकाव्यात का? — सांगली

नको, कचरा वेचणाऱ्यांच्या हाताला टोचतात. सुई बाहेरच्या मोठ्या टोपणात धरून पेनपासून सोडवा. जाड प्लॅस्टिकच्या डब्यात टाका. डिटर्जंटची रिकामी बाटली चालते, पाण्याची पातळ बाटली नाही. तीन चतुर्थांश भरली की झाकणाला चिकटपट्टी लावा, वर ‘सुया’ लिहा आणि जवळच्या रुग्णालयाला किंवा रक्त तपासणाऱ्या लॅबला विचारून त्यांच्या जैववैद्यकीय कचऱ्यात द्या. पावडरीच्या बाटल्याही तिथेच द्या, मोरीत ओतू नका.